तीस खणांत एकतीस तुकडे

कापड पुरत नाही, असं मास्तरीण कधी म्हणत नसे. "पुरत नाही म्हणणाऱ्याला मांडता येत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकून ऐकून कारखान्यातल्या बायकांचे कान किटले होते. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं कटिंग करत होती. कटिंग मास्तर म्हणजे पुरुषच, अशी सगळ्यांची समजूत. तिथे बाई आली तेव्हा काय म्हणावं ते कुणाला सुचेना, कुणीतरी मास्तरीण म्हणालं आणि तेच चिकटलं. पुढे पुढे तर नवराही तिला त्याच नावाने हाक मारू लागला, विशेषतः त्याचं काही चुकलेलं असेल तेव्हा.

तर अशी ही बाई, वय वर्षं एक्केचाळीस, एका सोमवारी सकाळी कॉलेजातल्या सल्लागार मॅडमसमोर खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि तिचं कापड पुरत नाही, हे मुकाट ऐकून घेत होती.

मॅडम वाईट नव्हत्या, बरं का. वयाने लहान, नोकरीत नवीन, बोलताना पेनाचं टोपण काढायच्या आणि लावायच्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. ही कला शाखेची लवचीक पदवी. मुख्य विषय आपण निवडायचे, एक घ्या नाहीतर दोन. काही विषय सक्तीचे, काही मोकळे, आणि शेवटच्या वर्षी एखाद्या खऱ्याखुऱ्या ठिकाणी काम करायचं, त्याचेही क्रेडिट मिळतात. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप. एका विषयाचे चार, एकशेवीस झाले की पदवी, दोन मुख्य विषय घेतले तर एकशेचोवीस.

"तुम्हाला वेळ किती? आठवड्यात दोन सकाळ आणि अख्खा शनिवार. म्हणजे एका सत्रात पाच विषय, सहा सत्रांत तीस खण." मॅडमनी टोपण लावलं. "दोन मुख्य विषय, सक्तीचे, मोकळे आणि संग्रहालयातलं काम, हे सगळं धरलं तर होतात एकतीस. बसत नाही हो, ताई."

"एकानेच अडतंय?"

"एकानेच. आणि मोठ्यांच्या जागांना मुदतवाढ नाही. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं."

मोठ्यांच्या जागा म्हणजे शाळा सोडून वर्षं लोटलेल्या माणसांसाठी ठेवलेल्या पाच जागा. त्यातली एक मास्तरणीला मिळाली होती, परीक्षा देऊन, मुलाखत देऊन. पण तीन वर्षांचा पूर्ण आराखडा शुक्रवारी तीन वाजता समितीपुढे मंजूर व्हायला हवा होता. नाही झाला तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार.

"माझं ऐका," मॅडम म्हणाल्या, "एकच मुख्य विषय घ्या. इतिहास घ्या. आरामात बसेल. संग्रहालयशास्त्र सोडा."

"मग संग्रहालयातलं काम?"

"ते दोन्ही विषय घेणाऱ्यांनाच मिळतं. ते सोडावं लागेल."

झालं! म्हणजे लग्न होणार, फक्त नवरा सोडून. मास्तरीण खुर्चीवरून उठायला लागली. मॅडमना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी माहितीपुस्तिकेचं शेवटचं पान उलटलं. "एक कलम आहे, आधीच्या कामातून शिकलेल्याबद्दल चार क्रेडिट, म्हणजे एक विषय माफ. पण त्याला तारीखवार पुरावा लागतो. अहवाल, प्रकल्प असं काहीतरी. तुमच्याकडे आहे?"

"मी शर्ट कापते हो, मॅडम."

"मग राहू दे," मॅडम म्हणाल्या आणि पान मिटलं.

आता हिला संग्रहालयाचंच एवढं काय पडलं होतं, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या पहारेकऱ्यांच्या गणवेशांचं काम कारखान्याला मिळालं होतं आणि मापं घ्यायला मास्तरीण गेली होती. मापं घेऊन झाल्यावर ती सहज एका काचेच्या कपाटापुढे उभी राहिली. आत एक जुना निळा कोट, आणि खाली पाटी: 'तरुण सैनिकाचा कोट'. मास्तरणीने एकदा पाहिलं, वाकून पाहिलं, बाजूने पाहिलं. तिथले अधिकारी जवळच उभे होते, चष्मा साखळीला अडकवलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. ती त्यांना म्हणाली, "साहेब, हा तरुणाचा नाही. हा पोक आलेल्या म्हाताऱ्याचा कोट आहे. पाठ पुढच्यापेक्षा दोन बोटं लांब कापलीय बघा. वाकलेल्या माणसालाच अशी कापतात, नाहीतर मागून कोट वर चढतो."

अधिकाऱ्यांनी चष्मा लावला. कोटाकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. "तुमचं शिक्षण?" त्यांनी विचारलं.

बस, एवढंच. त्यांनी रागाने विचारलं नव्हतं, टोमणाही मारला नव्हता. पण मास्तरणीला उत्तर देता आलं नाही. तिने मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळली आणि खाली मान घालून निघून आली. बरोबर असूनही गप्प बसावं लागलं, हे तिला घशात अडकलेल्या काट्यासारखं दोन वर्षं टोचत होतं. कोट कुणाचा हे ओळखायला इतिहास हवा आणि पाटी बदलायला संग्रहालयात उभं राहता यायला हवं. एक घेऊन दुसरं सोडायचं म्हणजे एका बाहीचा शर्ट.

त्या संध्याकाळी घरी तिने ताटं जरा जोरातच मांडली. नवरा नळकाम करायचा. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांखाली आडवा होऊन आलेला माणूस, पण बायकोच्या कपाळावरची आठी त्याला लांबून दिसायची.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"कापड पुरत नाही म्हणाल्या."

"तुला?" नवरा हसायलाच लागला. "तुला कापड पुरत नाही म्हणाल्या? जिवंत सुटल्या ना त्या?"

मुलगी बारावीला होती. तिने पुस्तिका ओढून घेतली, पेन्सिलीने आकडेमोड केली आणि मान हलवली. "आई, मॅडमचं बरोबर आहे. एक जास्त होतंय."

"कागदावर जास्त होतंय," मास्तरीण म्हणाली. "टेबलावर मांडून बघितल्याशिवाय मी कुणाचं ऐकायची नाही."

"घ्या! माझ्याआधी हीच पदवीधर होणार," मुलगी म्हणाली, "आणि मग मला रोज ऐकवणार."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मास्तरणीने कटिंगच्या टेबलावरचं कापड बाजूला सरकवलं. खाकी कागदाच्या सहा पट्ट्या कापल्या, एकेका सत्राची एकेक, आणि प्रत्येकीवर खडूने पाच खण पाडले. मग विषयांचे एकतीस तुकडे. इतिहासाचे निळ्या खडूने, संग्रहालयशास्त्राचे लाल, बाकीचे पांढरे. त्यांतले संग्रहालयातल्या कामाचे चार तुकडे एकाला एक जोडलेले, कारण तिथे अख्खा शनिवार आणि वर एक सकाळ द्यायची होती. बायका डबे घेऊन भोवती जमल्या. कुणी म्हणे हा इथे लाव, कुणी म्हणे तो आधी शिकल्याशिवाय हा कसा चालेल. सगळ्यांनी मिळून असा काही गलका केला की मालकीणबाई केबिनमधून बाहेर आल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, "सव्वा वाजता मला टेबल रिकामं पाहिजे," म्हणाल्या, आणि जाता जाता एक लाल तुकडा सरळ करून गेल्या.

सगळे बसले आणि एक हातात उरला. मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या.

मास्तरीण उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिली. तो लाल होता, 'वस्तूंचा इतिहास'. आणि पट्टीवर बसलेला एक निळा तुकडा, त्याचंही नाव 'वस्तूंचा इतिहास'! विषय तोच, वर्ग तोच, शिकवणारे तेच, फक्त दोन्ही मुख्य विषयांच्या याद्यांत तो होता. मास्तरणीच्या डोळ्यांत चमक आली. शर्टाची पाठ कापताना कापडाला दुहेरी घडी घालतात आणि अर्ध्याच पाठीचा पॅटर्न घडीच्या कडेला लावतात. कापून उलगडलं की पूर्ण पाठ तयार. एक तुकडा ठेवायचा, दोन बाजू मिळवायच्या.

"घडीवर लावला," ती म्हणाली आणि उरलेला तुकडा खिशात टाकला. "बसलं की नाही?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. इस्त्रीवाले काका तेवढे कोपऱ्यातून पुटपुटले की अभ्यास म्हणजे काय पाटलोण आहे का. पण काकांना कशातच चांगलं दिसत नसे. टेबलाच्या वर एकोणीस वर्षांचे खाकी कागदाचे पॅटर्न खुंट्यांना टांगलेले होते, त्यांच्याविषयीही त्यांची रोज तक्रार. "वारा अडतो, उजेड अडतो, ही रद्दी एकदा काढून टाका," हे त्यांचं पालुपद. मास्तरीण ऐकून घ्यायची आणि नवा पॅटर्न जुन्याच्या शेजारी टांगायची.

बुधवारी तिने आराखडा सुवाच्य अक्षरात उतरवून मॅडमना दिला. मॅडमनी दोनदा मोजला, तीनदा मोजला. एकशेचोवीस! "अहो ताई, कसं काय जमवलंत?" म्हणत त्यांनी टोपण लावायचं विसरून पेन तसंच पर्समध्ये टाकलं. मास्तरीण तरंगतच घरी आली. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "मांडता यावं लागतं." मुलीने दोन्ही हात जोडले.

पण शुक्रवार उजाडायचा होता.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला मास्तरीण जाड सुती कापडाचे थर कापत होती. फोन वाजला. पलीकडे मॅडम, आवाज रडवेला. "ताई, माझंही लक्ष गेलं नाही हो. ऑफिसने आत्ता परत पाठवलाय. एकच विषय दोन्हीकडे धरता येत नाही. एकदाच मोजतात. तुमचे एकशेवीसच होतात, चार कमी."

मास्तरणीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अजूनही वेळ आहे. एकच मुख्य विषय लिहून द्या, मी तीनच्या आत नवा आराखडा करते. जागा तरी जाणार नाही. ताई? ऐकताय ना?"

"ऐकतेय," मास्तरीण म्हणाली आणि फोन ठेवला. तिने कात्री थरांच्या मध्यावर थांबवली होती. मध्यावर कधी थांबायचं नाही, धार सरकते, हे तिनेच प्रत्येक नव्या बाईला शिकवलेलं. राग मॅडमवर नव्हता, ऑफिसवर नव्हता, स्वतःवरच होता. एकोणीस वर्षांत एक तुकडा वाया घालवला नाही आणि स्वतःचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा सवयीच्या घडीने घात केला. कापडात एकाचे दोन होतात, अभ्यासात होत नाहीत, एवढी साधी गोष्ट तिला कळू नये! डोळे भरून आले. बायकांना दिसू नये म्हणून ती झटकन उठली आणि तिचं डोकं टांगलेल्या पॅटर्नवर आपटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. सगळे पॅटर्न खडखडून हलले.

"सांगत होतो ना," काका कडाडले, "ही रद्दी काढा म्हणून! आज डोकं आपटलं, उद्या डोळा जाईल."

मास्तरणीने डोकं चोळत वर पाहिलं. नाकासमोर एक पॅटर्न डोलत होता. त्यावर तिच्याच अक्षरात शाळेचं नाव, इयत्ता पाचवी, छातीचं माप आणि खाली कोपऱ्यात तारीख. त्यामागे दुसरा, तीच शाळा, तीच इयत्ता, आधीच्या वर्षाची तारीख. त्यामागे तिसरा.

ती तशीच उभी राहिली. काका घाबरले. "अगं, लागलं का जोरात?"

"काका," मास्तरीण म्हणाली, "तुमचं तोंड गोड होवो." काकांना काही कळलं नाही. त्यांना आजवर असं कुणी म्हणालं नव्हतं.

तिने मॅडमना फोन लावला. "मॅडम, ते शेवटच्या पानावरचं कलम. तारीखवार पुरावा म्हणालात ना? तारीख पेन्सिलीत चालते?"

"चालते बहुतेक... पण पुरावा कसला?"

"एकोणीस वर्षांचा. घेऊन येते."

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. पॅटर्न कारखान्याचे, म्हणून ती आधी केबिनमध्ये गेली. मालकीणबाईंनी सगळं ऐकलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घेऊन जा. पण एकही फाटला तर तुझी पदवी गेली खड्ड्यात. आणि पास होऊनच ये." बायकांनी पॅटर्न उतरवले, तारखेप्रमाणे लावले. आता हे न्यायचे कसे? घडी घातली तर मापं मोडतील. तिने नवऱ्याला फोन केला, तर तो अर्ध्या तासात स्कूटरवर हजर, खांद्यावर सांडपाण्याचा प्लास्टिकचा रुंद पाइप.

"अहो, हे काय आणलंत?"

"कोरा आहे, कोरा! आजच दुकानातून उचललाय. गुंडाळ आणि घाल आत. दोन्हीकडून झाकण लावतो. पाऊस पडो की वीज, एक थेंब जाणार नाही आत." आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या कामात त्याचं सामान उपयोगी पडत होतं. त्याची छाती दोन इंच वाढली होती, शर्टाचं बटण ताणलेलं मास्तरणीला स्पष्ट दिसलं.

तीन वाजता समितीच्या खोलीचं दार उघडलं आणि आत आधी पाइप शिरला, मागून मास्तरीण.

लांब टेबलाच्या पलीकडे तिघे. मधोमध अध्यक्ष, इतिहासाच्या प्राध्यापिका, पांढरे केस आखूड कापलेले. उजवीकडे ऑफिसचे मुख्य कारकून, पुढ्यात नियमांचं पुस्तक. आणि डावीकडे संग्रहालयाचे प्रतिनिधी म्हणून चष्मा साखळीला अडकवलेले तेच ते अधिकारी! कोपऱ्यातल्या खुर्चीवर सल्लागार मॅडम बसल्या होत्या, पेन मुठीत गच्च धरून.

कारकुनांनी पाइपकडे पाहिलं. "नळकामाचं बिल तळमजल्यावर देतात."

"मी उमेदवार आहे," मास्तरीण म्हणाली. "आधी चूक सांगते. आराखड्यात चार क्रेडिट कमी आहेत, आणि ती चूक माझीच. आम्ही कापड घडीवर कापतो, एकाचे दोन होतात. तुमच्या नियमात होत नाहीत, ते मला कळलं. त्या चारांच्या जागी मला शेवटच्या पानावरचं कलम मागायचं आहे."

"प्रमाणपत्र?" कारकुनांनी हात पुढे केला.

"नाही."

"मग विषयच संपला."

"एक मिनिट," अध्यक्ष म्हणाल्या आणि पुस्तक स्वतःकडे ओढलं. "इथे 'तारीखवार पुरावा' असं लिहिलंय. प्रमाणपत्रच हवं असं कुठे लिहिलंय? बाई, दाखवा काय आणलंय ते."

मास्तरणीने झाकण काढलं आणि पॅटर्न टेबलावर उलगडले. पहिला ठेवला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, सगळ्यांची पाठीची मधली रेघ एकावर एक जुळवून. एकोणीस झाले. कडा मात्र जुळत नव्हत्या. खालचा आत, वरचा बाहेर, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या त्या एकामागून एक रुंदावत गेल्या होत्या.

"एकच शाळा, इयत्ता पाचवी, दरवर्षी जून महिना," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी मधल्या मापाची छाती सव्वीस इंच. या वर्षी एकोणतीस. शाळेने कधी कुठे लिहिलं नसेल, कारण त्यांना शर्ट मिळाल्याशी मतलब. मी दरवर्षी मोजलं. ही तारीख बघा, त्या वर्षापासून मुलींना पाटलोण आली. आधीच्या वर्षी दोघींचीच मागणी होती, त्या दोन मी वेगळ्या कापून दिल्या होत्या, त्यांचे पॅटर्न हे. पुढच्या वर्षी अख्ख्या वर्गाची आली."

अध्यक्ष खुर्चीतून उठल्या होत्या. "आणि हा दुसरा गठ्ठा?"

"काच कारखान्याच्या कामगारांच्या पाटलोणी." मास्तरणीने दोन पॅटर्न वेगळे काढले. "हा बंद पडायच्या आधीचा. हा सात महिन्यांनी उघडल्यावरचा. माणसं तीच, यादी तीच. कंबर दीड इंचाने उतरली. मला वाटलं, मापात माझी चूक झाली. मी परत जाऊन सगळ्यांचं दुसऱ्यांदा माप घेतलं. चूक नव्हती."

कारकुनांनीही पुढे वाकून दोन्ही तारखा वाचल्या. अध्यक्षांनी दोन्ही पॅटर्न एकमेकांवर ठेवले आणि मधल्या फटीवरून बोट फिरवलं. "त्या बंदवर मी पुस्तक लिहिलंय," त्या हळूच म्हणाल्या. "दोन पेट्या भरून कागद आहेत माझ्याकडे. निवेदनं आहेत, बातम्या आहेत, सह्या आहेत. कंबर एकाही कागदात नाही."

मग त्यांनी कारकुनांकडे पाहिलं. "चार क्रेडिट मंजूर. लिहा."

"पण मॅडम, याची पद्धत..."

"पद्धत तिसऱ्या सत्रात मी त्यांच्याकडून शिकणार आहे. लिहा तुम्ही."

कोपऱ्यातल्या मॅडमनी पेन हातातून सोडलं, ते घरंगळत थेट मास्तरणीच्या पायाशी आलं. एकशेचोवीस! दोन्ही मुख्य विषय, आणि संग्रहालयातलं कामही. गंगेत घोडं न्हालं. मास्तरणीला ओरडावंसं वाटत होतं, पण पॅटर्न फाटता कामा नयेत म्हणून तिने ते आधी एकेक करून गुंडाळले.

बाहेर नवरा भिंतीला टेकून उभा होता. तिचा चेहरा बघताच त्याने पाइपसकट तिला कवेत घेतलं. व्हरांड्यातून जाणारी कॉलेजची मुलं थांबून बघायला लागली, तर हा त्यांना म्हणतो, "बघता काय? तुमच्या वर्गात येणार आहे ही. सांभाळून राहा!"

"अहो, सोडा, लोक काय म्हणतील," मास्तरीण म्हणाली, आणि मग स्वतःच हसत सुटली. हसता हसता डोळे वाहायला लागले ते थांबेनात. तिने पुसलेही नाहीत.

मागून कुणीतरी खाकरलं. संग्रहालयाचे अधिकारी हातात फॉर्म घेऊन उभे होते.

"त्या कोटाची पाठ किती लांब आहे म्हणाला होतात?" त्यांनी विचारलं.

"दोन बोटं."

"दीड इंच भरली. तुम्ही गेल्यावर आठवड्याने मी मापली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पाटी अजून तीच आहे. बदलायला घेतली की प्रश्न यायचा, हे कुणी सांगितलं म्हणून लिहू? मी तुमचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली, आणि लाजेपायी मी काहीच केलं नाही. माझं चुकलं."

मास्तरणीने दोन वर्षं या माणसाला मनातल्या मनात किती आणि काय काय सुनावलं होतं! त्यातलं एकही वाक्य आता तोंडावर येईना. "मग आता बदलू," ती म्हणाली.

"तुम्हीच बदला. कामाचं पहिलं काम तेच." त्यांनी फॉर्म खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पेन उघडलं. हा संग्रहालयातल्या कामाचा फॉर्म होता, त्यांच्या सहीचा. त्यांनी तिचं नाव विचारलं, पूर्ण नाव, आणि एकेक अक्षर सावकाश लिहिलं. मग वय. मग व्यवसाय. मग पुढच्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं, आणि दोघांनाही एकदमच आठवलं. ते जरा ओशाळले, पण रकाना भरणं भाग होतं.

"तुमचं शिक्षण?" त्यांनी विचारलं.

मास्तरणीने पाइप नवऱ्याच्या हातात दिला आणि ताठ उभी राहिली.

"चालू आहे," ती म्हणाली. "लिहा."